आई घरात हाय

आमच्या घरात मला कुणी आई म्हणत नाही. दोन पोरांना जन्म दिला तरी मी काकीच. माझा नवरा काका, मी काकी, आणि आई म्हणजे माझी थोरली जाऊ. बाहेरचा माणूस हे पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, ह्यांच्या घरात काहीतरी भानगड आहे. भानगड बिनगड काही नाही. थोरल्या जावेचा मुलगा हे घरातलं पहिलं पोर. तो त्याच्या आईला आई म्हणायचा आणि मला काकी. माझी पोरं त्याच्या शेपटासारखी मागं फिरत बोलायला शिकली, तो म्हणेल तेच त्यांनी उचललं. तो आता पुण्यात नोकरीला लागलाय. गेला तो गेला, पण हाका इथंच ठेवून गेला.

आमच्या येळ्ळुरात काय, सगळ्या बेळगाव भागात अशी घरं गल्लीला एखाददुसरं सापडतंच. आमच्या शेजारचा गडी नातवंडांचा आजा झाला तरी अजून सख्ख्या आईला आक्का म्हणून हाक मारतो, आणि त्या म्हातारीला त्याचं काही वाटत नाही. एकत्र घर म्हटलं की हे असं चालायचंच. पण मला वाटायचं. फार वाटायचं. लग्नाच्या आधीपासून मनात एक हाक ऐकून ठेवली होती मी, आणि ती रोज माझ्या डोळ्यांदेखत दुसरीच्या पदराला जाऊन बिलगायची.

आता माझं तोंड फटकळ आहे, हे गावाला ठाऊक आहे. नळावर, बसमध्ये, रेशनच्या दुकानात, कुठं माझं भांडण झालेलं नाही ते विचारा. पण ह्या एका गोष्टीवरून मी कधी तोंड उघडलं नाही. कुणापुढं उघडणार? मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात कामाला. मुलगी अंगावर पीत होती तेव्हाच मला परत कामावर जावं लागलं. सकाळी स्कूटरला किक मारायची ती दिवस मावळताना घरी. मधला सगळा दिवस आक्कांचा. मी थोरल्या जावेला आक्का म्हणते. पोरीला न्हाऊ घालणं, तिचं हागणं-मुतणं, दुपारी झोपवणं, ताप आला की रात्रभर... ते सगळं आक्कांनी केलं. जी बाई हे करते तिला काय सांगणार, आक्का, तुम्ही आई म्हणून घेऊ नका? जीभ झडेल माझी.

तर दोन वर्षांमागची मे महिन्याची सुट्टी. निपाणीकडं जाताना हायवेच्या कडेला मुलांसाठी एक मोठं पार्क झालं होतं. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, बुटकी आगगाडी, सगळं. वर्गातली अर्धी पोरं तिथं जाऊन आलेली, त्यामुळं आमच्या तिसरीतल्या चिरंजीवांनी घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी एका रविवारी नवऱ्यानं थोरल्या भाऊजींची गाडी मागून घेतली आणि आम्ही निघालो. तेव्हा मुलगी चार वर्षांची होती.

मी आक्कांना विचारलं, “चला की आक्का तुम्ही पण.”

“मी आलो तर म्हशीला कोन बघणार? आनी त्या पाण्यात जाऊन काय करू, लुगडं भिजवू?”

आमच्याकडं बाया “मी आलो, मी गेलो” असंच बोलतात. पुण्यामुंबईचे पाहुणे ऐकून हसतात, हसू देत. सांगायचं ते हे, की मी आक्कांना दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मला आतून बरंच वाटलं. एक दिवस, एकच दिवस, पोरं निव्वळ माझी.

आक्कांनी पहाटे उठून चपात्या लाटल्या, शेंगाची चटणी बांधली, पोरीसाठी वेगळा दहीभात कालवला आणि वर चिरमुऱ्यांची पिशवी दिली. पोरीला पिवळा फ्रॉक घातला, कानामागं काजळाचं बोट लावलं. गाडी वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या आणि पोरगी मागच्या काचेतून “आई, टाटा, आई, टाटा” करत होती.

हायवेवरचं काकती गाव मागं पडलं तसा मी विषय काढला. अगदी सहज आठवल्यासारखा.

“हे बघा, आज तिथं मला आई म्हणायचं. चारचौघांत काकी बरं दिसत न्हाय.”

“का?” मुलगा म्हणाला.

“का म्हंजे? मी आई हाय तुमची.”

“ते म्हाईत हाय की. पन तू काकी हाईस.”

मुलगी तर माझ्याकडं बघून हसायलाच लागली. मी काहीतरी गंमत केली असं वाटलं तिला. “आई घरात हाय,” ती म्हणाली. “म्हशीला वैरण घालत्या.”

नवरा गाडी चालवत होता. तो आरशातून माझ्याकडं बघून नुसता हसला, आणि मी खिडकीबाहेर तोंड केलं. नाही म्हणणाऱ्या पोराशी भांडता येतं. ज्याला कळतच नाही त्याच्याशी काय भांडणार?

पार्कच्या दारातच माझी पहिली ठिणगी उडाली. तिथं निळ्या गणवेशातली एक उंच बाई उभी होती, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं मराठी पण त्याला कानडी हेल. ती सगळ्यांच्या पिशव्या बघत होती. आमचा डबा तिनं बाजूला काढला. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे.

“म्हंजे? घरचं अन्न टाकून तुमची ती तेलकट भजी खाऊ व्हय आम्ही?”

“बाई, नियम हाय तसा. गाडीत ठेवा.”

“नियम गेला खड्ड्यात! बारकी पोरगी हाय संगट. ती दहीभाताशिवाय काय खात न्हाय.”

मागं रांग खोळंबली. नवरा माझी बाही ओढायला लागला. शेवटी चपात्या गाडीत गेल्या आणि दहीभाताचा डबा तेवढा त्या बाईनं आत सोडला. वर म्हणाली, “लई तिखट हाईसा.” मी म्हटलं, “असू दे.” जिंकल्याच्या थाटात आत गेले.

आणि खरं सांगते, पुढचे दोन-तीन तास इतके सुखाचे गेले की काय सांगू. त्या बुटक्या आगगाडीत आम्ही चौघं गुडघे पोटाशी घेऊन बसलो. फिरत्या कपबशीत मुलगी एवढी किंचाळली की पलीकडच्या कपातली चिकोडीकडची एक म्हातारी हसून हसून लोळायची बाकी राहिली. मुलगा कारंज्याखाली उभा राहून भिजला. कितीतरी दिवसांनी मी घड्याळ बघितलं नव्हतं. हाक काकीच होती, पण दिवसभर ती मलाच मारली जात होती. “काकी, हे बघ. काकी, उचल. काकी, भ्या वाटतं, धर.” मी म्हटलं, चला, एवढं तरी.

एका कोपऱ्यात त्यांनी खेडेगाव उभं केलं होतं. सिमेंटची विहीर, सिमेंटचा बैल, आणि एक सिमेंटची बाई हिरवं लुगडं नेसून सिमेंटच्या म्हशीची धार काढत बसलेली. लोक तिच्याजवळ उभं राहून फोटो काढत होते. नवरा म्हणाला, “घरात जिती म्हस शेपूट हाणत्या ती फुकट, आनी इथं तिकीट काढून सिमेंटची बघायची. धन्य हाय आपली.” पोरगी मात्र त्या म्हशीच्या गळ्यात पडली. तिथून हलेचना. शेवटी उचलून आणली तर मान मागं वळवून त्या सिमेंटच्या बाईकडं बघत राहिली.

मग पाण्याकडं गेलो. नवरा आणि मुलगा मोठ्या घसरगुंडीच्या रांगेला लागले. मी मुलीला घेऊन बारक्या पोरांच्या गुडघाभर पाण्यात बसले. ती खेळली, भिजली, गारठली. मी तिला बाहेर काढून अंग पुसलं, पिवळा फ्रॉक परत घातला आणि माझी ओढणी पिळायला पाठमोरी झाले. ओढणी पिळायला किती वेळ लागतो? वळून बघते तर पोरगी नाही.

आधी वाटलं, खांबामागं लपली असेल. मग वाटलं, पाण्यात गेली परत. मग माझ्या मनात जे आलं ते मी इथं लिहिणार नाही. मी त्या गुडघाभर पाण्यात उतरून एकेक पोर उलटं करून बघत होते. लोकांची पोरं, लोक माझ्यावर ओरडत होते. सगळीकडं एवढी गाणी लावलेली की माझाच आवाज मला ऐकू येईना. मी हाका मारत पळत होते, ओली सलवार पायात अडकत होती, दोनदा पडले. एका बाईनं धरून विचारलं, काय झालं, तर तोंडातून शब्द फुटेना. माझ्या! तोंडातून! देवा, तिला एकदा दाखव, मला ती जन्मभर काहीही म्हणू दे. काकी म्हणू दे, नाहीतर काहीच नाही म्हटलं तरी चालेल. असं मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

तेवढ्यात गाणं थांबलं. कर्ण्यातून आधी कानडीत काहीतरी आलं, त्यातलं मला घाबरल्यामुळं अर्धंमुर्धंच कळलं. मग मराठीत. “पिवळा फ्रॉक घातलेली एक मुलगी ऑफिसात आहे. ती काकीबरोबर आली आहे. तिच्या काकींनी लवकर यावं.”

त्या ऑफिसपर्यंतची वाट कशी संपली ते मला आठवत नाही. दारातून आत शिरले तर पोरगी टेबलावर बसून पाय हलवत बिस्किट खात होती, आणि तिच्या शेजारी, दैवाची कमाल बघा, सकाळची ती निळ्या गणवेशातली उंच बाई.

“काकी!” म्हणून पोरीनं हात पसरले. मी धावले, तर त्या बाईनं आपला हात मधे घातला.

“थांबा. तुम्ही काकी काय हिच्या?”

“काकी म्हंजे आई हाय मी तिची! द्या हिकडं!”

ती बाई पोरीकडं वळली. आवाज मऊ करून म्हणाली, “बाळ, ही कोन?”

“काकी.”

“आनी तुझी आई कुठं हाय?”

“आई घरात हाय.”

त्या बाईनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. मग मी जी सुटले! पोर माझं, कळा मी सोसल्या, मला विचारणारी तू कोण, तुझ्या साहेबाला बोलव, आत्ताच्या आत्ता बोलव. त्या बाईनं मधे घातलेला हात काढला नाही. माझा दम संपल्यावर म्हणाली, “सकाळी दहीभातापायी वरडलासा, ते मी ऐकून घेतलं. हे लेकरू हाय. ते त्या सिमेंटच्या म्हशीपाशी बसून सिमेंटच्या बाईला आई, आई म्हणत हुतं. आई कुठं म्हटलं तर घरात म्हणतंय. मी काकीच्या हातात कसं देऊ?”

बरोबर बोलत होती. ते मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच जास्त राग येत होता.

मी म्हटलं, थांबा, फोटो दाखवते. मोबाईल उघडला. बारशाचा फोटो, पोरगी आक्कांच्या मांडीवर. पहिला वाढदिवस, पोरगी आक्कांच्या कडेवर. संक्रांतीचं बोरन्हाण, आक्का. बालवाडीचा पहिला दिवस, आक्कांचं बोट धरून. मी पुढं सरकवत गेले, सरकवत गेले. एकाही फोटोत मी नव्हते. कशी असेन? मोबाईल माझा, फोटो काढणारी मी. ती बाई माझ्या खांद्यावरून बघत होती. “ही कोन?” तिनं आक्कांवर बोट ठेवलं, आणि टेबलावरून पोरगी ओरडली, “आई!”

तेवढ्यात नवरा आणि मुलगा धापा टाकत आले. पोरीला बघून नवऱ्याच्या जिवात जीव आला. पोरगी टाळ्या पिटत म्हणाली, “काका आला!”

“काका पन आले,” ती बाई म्हणाली. “आई-बाप कुठं हाईत?”

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. मी मुलाला पुढं ढकललं, म्हटलं हा शाळेत जातो, ह्याला अक्कल आहे, हा सांगेल. “सांग रं, मी कोन तुझी?” तो बिचारा एवढा भेदरला होता की जे रोज तोंडात असतं तेच आलं, “काकी.” मी त्याला तिथंच एक रट्टा देणार होते. आधार कार्डं होती, पण माझं आणि नवऱ्याचं. पोरीचं घरी कपाटात.

मग नवरा म्हणाला, “अगं, आक्काला फोन लाव की.”

व्हिडिओ कॉल लावला. आधी गोठ्याची कौलं दिसली, मग म्हशीचा कान, मग आक्कांचं कपाळ. पोरीनं मोबाईल हिसकावून घेतला, आणि इतका वेळ मजेत बिस्किट खाणारी पोरगी आक्कांचं तोंड दिसताच “आई गं” म्हणून हंबरडा फोडून रडायला लागली. आक्का घाबरून “काय झालं? काय झालं गं बाळ?” एवढंच म्हणत होत्या. त्या बाईनं मोबाईल घेतला.

“आक्का, घाबरू नका. लेकरू बरं हाय. तुम्ही ह्या पोरीच्या आई काय?”

मी मनात म्हटलं, व्हय म्हणा आक्का. व्हय म्हणा आणि सोडवा एकदाचं. काय फरक पडतो? पोरगी तर शेजारी आई, आई करत होतीच. आक्कांनी आधी पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाल्या,

“न्हाय बाई. मी तिची थोरली चुलती. आई ती तुमच्या म्होरं उभी हाय की. पोटात धरलेली ती. मी आपलं नुस्तं सांभाळतो. आमच्या थोरल्या पोराचं ऐकून ही पोरं तसं म्हणत्यात. तिला द्या लेकरू. तिच्या जिवाला घोर लागला असंल.”

हे बोलताना पोरीची हाक त्यांच्या कानावर पडत होती. आई, आई, आई. आणि त्या सांगत होत्या, मी नव्हे.

त्या बाईनं मोबाईल माझ्या हातात दिला. मग तिनं पोरीला उचलून माझ्या कडेवर दिलं. “मला मघाशीच वाटलंतं,” ती म्हणाली. “मी आमच्या अव्वाला, सख्ख्या आईला, वैनी म्हणतो, लहानपणापासनं. आमचे काका म्हणायचे, ते ऐकून. पन मला वाटलं म्हणून लेकरू कसं द्यायचं, तुम्हीच सांगा.”

मी तिच्या गळ्यात पडून रडले. सकाळी जिच्या नियमाला खड्ड्यात घातलं होतं तिच्या निळ्या गणवेशावर माझं सगळं नाक-डोळं पुसलं. त्या बाईनं त्या दिवशी नुसत्या ओरडण्यावर विश्वास ठेवला असता, कुठल्याही काकीच्या हातात माझं लेकरू दिलं असतं, तर? हे आठवलं की आजही मी तिच्यासाठी हात जोडते. तेव्हा मी पिशवीतला दहीभाताचा डबा काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, “ह्याच्यापायी भांडायला पाहिजेच हुतं.”

घरी पोचलो तेव्हा आक्का दारातच. पोरगी झेपावली. आक्कांनी तिला पोटाशी धरून डोक्यापासून पायापर्यंत चाचपली, मीठ-मोहरी उतरून टाकली. आणि मग तिला माझ्याकडं वळवून म्हणाल्या, “ही आई. आजपासनं हिला आई म्हणायचं. मी थोरली.”

मला वाटलं, आजच्या धक्क्यानं बोलतायत, उद्या विसरतील. पण आक्का कमी बोलतात त्या उगाच नाही. बोलल्या की बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून पोरीनं “आई” म्हटलं की आक्का ओ देईनात. “थोरली म्हण, मग लाडू.” “थोरली म्हण, मग गोष्ट.” पोरगी बिचारी गोंधळली. मला येऊन विचारायची, “काकी, आई का बोलत न्हाय?” एकदा आक्कांनी तिला माझ्याकडं पाठवलं. ती माझ्यासमोर हात मागं बांधून उभी राहिली, बालवाडीत कविता म्हणतात तसं “आई” म्हणाली आणि बरोबर झालं का बघायला मागं आक्कांकडं पळाली. इतकी वर्षं वाट बघितलेली हाक. मी जेवत होते, ताट तसंच सरकवून उठले.

त्या आठवड्यात एकदा सकाळी मी हेल्मेट हातात घेऊन कामाला निघाले होते. गोठ्याच्या दारात पोरगी उभी. एक वेणी घातलेली, एक सुटलेली, हातात रिबन. “आई,” ती म्हणत होती. “आई, वेणी. आई...” आतमध्ये आक्का पाठमोऱ्या बसून धार काढत होत्या. वळत नव्हत्या. मी जवळ गेले तर दिसलं, बादलीवर वाकून त्या पदरानं डोळे टिपत होत्या, आणि ओ देत नव्हत्या.

मग माझं टाळकं सरकलं. आक्कांवर मी जन्मात आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला.

“काय लावलंय हे तुम्ही? पोरगी हाका मारून मारून दमली, ओ द्या की तिला!”

आक्का दचकल्या. म्हशीनं पाय हाणला आणि दूध सांडलं. “अगं, पन उद्या पुन्हा कुठं चुकली तर? माझ्या ह्या हाकंपायी तुझं लेकरू तुला देईनात. तुझ्या जिवाचं काय झालं असंल, मी रोज रात्री...”

“देईनात कसं? दिली की! कुणाच्या सांगण्यावरनं दिली? पोटात धरलेली मी, व्हय, धरली नऊ म्हयने. त्याच्या म्होरं कुणी धरली? मी स्कूटरवर बसून निर्धास्त जातो ते कुणाच्या जिवावर? माझी पोरगी सिमेंटच्या बाईत पन तुम्हालाच हुडकत गेली, आक्का. ती आता दुसरं कुणाला आई म्हणायची न्हाय आनी मला म्हणवून घ्यायचं पन न्हाय. मी काकी. मला काकीच बरं वाटतं. उठा! आधी ओ द्या!”

शेजारपाजारचे लोक दारात आले. त्यांना वाटलं, जावाजावांचं अखेर पेटलं.

आक्का तशाच बसल्या होत्या. पोरगी घाबरून माझ्याकडं एकदा आणि त्यांच्याकडं एकदा बघत होती. मग अगदी हळू, ऐकू येईल न येईल असं म्हणाली, “आई?”

“ओ,” आक्का म्हणाल्या. “ओ गं माझ्या सोन्या, ओ.”

त्या दिवशी मला कामावर पोचायला उशीर झाला आणि साहेबाची बोलणी खाल्ली. खुशाल खाल्ली.

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही परत त्या पार्कला गेलो. ह्या वेळेला मी आक्कांना विचारलंच नाही, म्हशीची सोय शेजारणीकडं लावून आलेच. भाऊजींना पण उठवलं. आक्का लुगडं वर खोचून त्या बुटक्या आगगाडीत बसल्या आणि पोरीपेक्षा मोठ्यानं किंचाळल्या. सिमेंटच्या बाईपाशी आल्यावर कमरेवर हात ठेवून त्यांनी तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, “अशी ऐसपैस बसली तर म्हस लाथ घालंल की हिला.” नवऱ्यानं तिथं आम्हा सगळ्यांचा फोटो काढला, मी पण आहे त्यात.

पण ते आत गेल्यावर. त्याच्या आधी दारात तीच उंच बाई होती, निळ्या गणवेशात. तिनं आम्हाला लांबूनच ओळखलं. पोरीपुढं वाकली, हसू दाबत विचारलं, “काय बाळ, आज तुझी आई कुठं हाय?”

पोरीनं आक्कांचा पदर धरून ओढला. “ही काय, हितं हाय.”

“आनी मग घरात कोन?”

पोरीनं जरा विचार केला. “म्हस,” ती म्हणाली.

ती बाई मोकळेपणानं हसली आणि सरळ होऊन माझ्याकडं वळली. “आनी तुम्ही कोन?”

तिला ठाऊक होतं. आक्का माझ्याकडं बघत होत्या, पोरांचं लक्ष पाळण्यांकडं होतं. मी पिशवी घट्ट काखेत धरली.

“मी काकी,” मी म्हटलं, “आनी दहीभात आत जाणार.”